साल

नऊ वर्षांनी एकदा साल काढतात
आणि उघड्या खोडावर पांढऱ्या रंगानं साल लिहितात.
शेवटचा आकडा फक्त.
अठ्ठ्याऐंशीचा आठ. सत्त्याण्णवचा सात.
नऊ-नऊ वाढत जाताना
खोडावरचा आकडा मात्र एकेक उतरत येतो,
हे एकोणिसाव्या वर्षी माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

आलेंतेजूच्या माळावर, बुचाच्या एका झाडाला माणसं दोन.
एक इकडून, एक तिकडून, मध्ये खोड.
माझ्यासमोर झेफेरीनू.
तो दिसायचा नाही, त्याची कुऱ्हाड ऐकू यायची.
कोरडा आवाज आला तर साल अजून धरून आहे.
पोकळ आला की सुटली.
हात हलका ठेवा, मुकादम ओरडायचा,
आतल्या कातडीला धार लागली
तर तो वण झाडाबरोबरच जातो.
मी मान हलवली,
झाडाबद्दल बोलतोय असं समजून.

दुपारी बुचाच्याच ओगराळ्यातून पाणी.
तो प्यायला त्याच कडेला मी ओठ लावले
आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी बोललो नाही.
रात्री आईची जपमाळ तीनदा ओढली.
मागणं एकच: हे जाऊ दे.
ते गेलं नाही.
झेफेरीनू गेला, फ्रान्सला, बांधकामावर.

पहिली साल कामाची नसते.
खडबडीत, भेगाळ. दळून फरशीखाली घालतात.
दुसरीही बाटलीला चालत नाही.
तिसऱ्या खेपेला कुठे दाट, मऊ साल हाती लागते,
तोवर झाडानं चाळिशी ओलांडलेली असते.
हे मी धंद्यातलं बोलतोय.

सात लिहिला तेव्हा माझी बहीण देओलिंदा
मला मुली दाखवत होती.
एकीचा बाप तर ट्रॅक्टर द्यायला तयार.
मी म्हणायचो, हा हंगाम होऊ दे.
सहा लिहिला तेव्हा ती दमली,
आणि गावानं ठरवून टाकलं,
बेल्मीरूचं लग्न झाडांशी लागलंय.
मला ते सोयीचं होतं. झाडामागे लपता येतं.
महिन्याकाठी एक शनिवार बसनं लिस्बनला,
आणि परतताना खिडकीच्या काचेत बघायचं नाही,
एवढा एक नियम.

पाच.
अन्सेल्मू मधमाश्यांच्या पेट्या घेऊन आला,
झाडांखाली ठेवू का म्हणाला.
विधुर. डाव्या कानानं ठार बहिरा, उजव्यानं जेमतेम.
त्याच्याशी हळू बोलायची सोयच नव्हती.
सत्तावीस वर्षं जे मी स्वतःलाही कुजबुजत सांगितलं
ते पेट्यांमध्ये उभं राहून ओरडावं लागलं.
काय? तो म्हणाला.
पुन्हा ओरडलो.
काय?
तू आवडतोस मला!
माळावर चिटपाखरू नव्हतं, तरी मी चहूकडे पाहिलं.
तो म्हणाला,
पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं.

देओलिंदा चिडली, पण भलत्याच गोष्टीवर.
अकरा मुली, बेल्मीरू!
अकरा घरांत बिस्किटं घेऊन गेले मी!
मग पाठ करून भांडी घासत राहिली,
नळ नको तेवढा मोठा सोडून.
त्या आवाजात ती काहीतरी म्हणाली.
काय, ते मी अजून विचारलेलं नाही.

यंदा चार.
खांदा गेला, कुऱ्हाड आता पोरांच्या हातात,
माझ्याकडे रंगाचा डबा.
नुकतं सोललेलं खोड फिकं असतं,
बघता बघता लालसर होत जातं.
लाजलं, पोरं म्हणतात.
लाजतंय कसलं,
नऊ वर्षांनी हवा लागतेय त्याला.

आकडा अजून ओला आहे.
उतारावरून अन्सेल्मू जेवणाचा डबा घेऊन येतोय,
आणि लांबूनच माझ्या नावानं हाका घालतोय,
बहिऱ्या माणसाच्या त्या मोठ्या आवाजात,
साऱ्या माळाला ऐकू जाईल अशा.
पोरं माझ्याकडे बघतात.
मी ओ देतो.