शेरा

राजापूर बंधारा, तालुका शिरोळ.
याच्या पुढं नदी आपली नाही,
असं साहेब म्हणतात.
नदीला ते कुणी कळवलेलं नाही.
ती पलीकडच्या मळीतही त्याच चालीनं जाते,
तिथं तिला कन्नडमधनं शिव्या बसतात, एवढंच.

माझं काम सोपं आहे.
सकाळी आठ, संध्याकाळी पाच,
पट्टीवरचे फूट-इंच वाचायचे, वहीत उतरवायचे.
वहीला पाच रकाने. शेवटचा शेऱ्याचा,
दोन बोटं रुंद.
आजवर त्यात 'निरंक' सोडून मी काही लिहिलेलं नाही.

एप्रिलच्या सतरा तारखेला कागद आला :
सहा बरगे काढा, खाली प्यायला पाणी नाही.
कागदाच्या आधी गाव आलं.
बाळगोंडा बंधाऱ्यावर आडवा झाला, उशाला टॉवेल,
"काढ की. माझ्या छातीवर पाय देऊन काढ."
त्याचा ऊस माझ्या पाठीमागं, काळाभोर,
आणि पुढं उघडं पात्र,
खडकात अडकलेलं एक डबकं,
त्याच्या कडेनं रांगेत मांडलेल्या घागरी.
माणसं घरी गेलेली. नंबर घागरींनी धरलेला.

साहेब टीएमसीत बोलत होते.
माझ्या तेजूनं रात्री गणित घातलं :
पंधरा लिटरची घागर धरली
तर एका टीएमसीत एकशे अठ्ठ्याऐंशी कोटी घागरी, वर काही लाख.
म्हटलं, त्यातनं एक वजा कर.
आत्याची.

आक्काताई दिली ती पलीकडं, जुगुळात.
इथनं तिच्या घरावरची टाकी दिसते.
उन्हाळ्यात रोज सांजचा फोन, पहिलं वाक्य ठरलेलं,
"नीर बिट्रेनो?"
चाळीस वर्षांत तिची मराठी आटली नाही,
पण पाणी ती सासरच्या भाषेत मागते.
बहीण म्हणून मागायचं नसेल तिला.

ऑगस्टात हेच सगळं उलटं.
बंधारा बुडतो, पट्टी बुडते, उसाचे शेंडे बुडतात.
आम्ही शाळेच्या गच्चीवर बसून
खालच्या धरणाची दारं मोजतो,
किती उघडली, किती ठेवली.
तेव्हा कागद इकडनं तिकडं जातो.
तेव्हा बाळगोंडा ओरडतो,
"पाणी काय कुणाच्या बाचं हाय? सोडा म्हणावं!"
ते वाक्य माझ्या ओळखीचं.
एप्रिलात ते पलीकडनं येतं,
हेल तेवढा वेगळा.

रात्री त्याच्या शेजारी टेकलो. बिडी दिली.
"मागल्या पुरात तुझी म्हस कुठं घावली रं?"
तो गप्प.
म्हस घावली होती जुगुळात,
कल्लाप्पा हुक्केरीच्या दावणीला.
अठरा दिवस वैरण खाऊन तजेलदार झालेली.
वैरणीचा पैसा त्यानं घेतला नव्हता.
"दूध घेतलं की," बाळगोंडा अंधारात म्हणाला.
"घेतलं. त्याचा वाटा."
बराच वेळ खाली बेडूक बोलत होते,
दोन्ही काठांचे. कोण कुठला ते कळत नव्हतं.

पहाटे तो उठला नाही.
कुशीवर वळला मात्र.
तेवढ्या जागेतनं चार बरगे निघाले.
"सहा लिही," साहेब फोनवर म्हणाले.
मी चार लिहिले.

उरलेल्या बरग्यांच्या फटींत गाळ भरायचा असतो,
पाचट मिसळून, टाचेनं दाबून.
गळती दिसली की वर कळवायची, असा नियम आहे.
मी एकेक फट बुजवत गेलो,
गुडघाभर पाण्यात, पाठ मोडेस्तोवर.
खालनं तिसरी राहिली.
बोटभर.

संध्याकाळी पाच. नऊ फूट दोन इंच.
शेरा : गळती आहे. नेहमीची.