बिनबुडाचं

रजिस्टर एडीनं आलं. सही शिरीषनं केली,
लेथवरचा पोरगा, बोटांना कुलंट लागलेलं,
म्हणून पाकिटावर आधी त्याचा अंगठा आहे
आणि मग आमचं नाव: मे. बोत्रे फूड मशिन्स, भोसरी.

‘आमच्या अशिलांच्या सूचनेवरून आपणांस कळविण्यात येते की’
(इथवर वाचलं की पोटात गोळा येतो, पुढचं काही असो)
‘सारतः दंडगोलाकार अशा पोकळ भांड्यातून
दाबाच्या योगे, मळलेला अर्धघन पदार्थ
ताराकृती छिद्रावाटे बाहेर काढण्याची रचना’
ही त्यांची आहे.
बायकोला वाचून दाखवलं.
ती म्हणाली, चकली.
मी म्हटलं, हो. चकली.

सात दिवसांत चार लाख, अन्यथा कोर्ट.
चार लाख हा आकडा नीट बसवलेला होता,
बेअरिंगमध्ये छर्रा बसवतात तसा.
वकील लावला तर पाच जातील,
म्हणजे शहाण्या माणसानं चार देऊन सुटावं.
तांबोळींनी दिले.
कुदळ्यानं दिले, हप्त्याहप्त्यानं.
गवळीमाथ्याच्या टपरीवर, बशा बाजूला सारून,
आम्ही तिघांनी कागद शेजारी शेजारी ठेवले
तर ‘उल्लंघन’चा अनुस्वार
तिन्हीकडे एकाच चुकीच्या अक्षरावर: उल्लघंन.
पुढच्या आठवड्यात तेरा कागद जमले.
तेरा कारखाने, एकच अनुस्वार.

बाणेरला गेलो, पत्ता शोधत. चौथा मजला.
काचेचं दार, कुलूप, आत एक खुर्ची,
प्लास्टिकही न काढलेली.
ना मोटर, ना पीठ, ना माणूस.
वॉचमन म्हणाला, टपाल न्यायला येतो एकजण, बुधवारी.

केंजळे मॅडम शिवाजीनगरला बसतात,
कोर्टासमोर, झेरॉक्सच्या दुकानावर.
म्हणाल्या, सरकारला ही जात ठाऊक आहे, बोत्रे.
कलम एकशे सहा. बिनबुडाच्या धमक्या.
धमकी खाल्लेल्यानंच आधी दावा लावायचा,
मग उल्लंघन झालंय हे सिद्ध त्यांनी करायचं.
पण (त्यांचा ‘पण’ चष्मा काढून येतो)
‘आमचं पेटंट आहे’ एवढंच कळवलं असेल
तर ती धमकी नव्हे. माहिती.

त्या रात्री पत्र पुन्हा वाचलं,
व्हर्नियर लावल्यासारखं, ओळ ओळ:
माहिती कुठं संपते, धमकी कुठं सुरू होते.
‘अन्यथा’ या शब्दापाशी फट सापडली.
बोटभर.

पेटंट सात वर्षांचं. त्याआधीचं काही दाखवा, मॅडम म्हणाल्या.
तांबट आळीत दत्तोबा वडक्यांनी
मोडीच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला
आणि पितळी सोऱ्या काढला, चांदणीच्या चकतीसकट.
पोटावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं:
‘चि. सौ. कां. मथूस, काकांकडून. ७-५-५४.’
कोण मथू, कोण काका,
लग्नातलं भांडं मोडीत कसं आलं,
कुणाला विचारणार?
किलोच्या भावानं घेतला. पावती मागितली
तर वडके हसले. मग दिली.

तारखेला जजबाईंनी सोऱ्या हातात घेतला,
चकती काढली, नळीतून आरपार पाहिलं,
बूड नव्हतंच.
समोरचा वकील, कोवळा, खोकला.
अशिलांना पत्र मागे घ्यायची इच्छा आहे, म्हणाला.
केंजळे उठल्या: मागे नको. निवाडा हवा. भरपाई हवी.
बाईंनी बराच वेळ काही लिहिलं.
मला एवढंच ऐकू आलं, पुढली तारीख.

पाकीट आता निशाणी क्रमांक तीन आहे,
शिरीषच्या अंगठ्यासकट.

काल टपरीवर कुदळ्यानं विचारलं,
‘मग या महिन्याचा हप्ता भरू का?’
मी म्हटलं, थांब.
थांब म्हणायला माझं काय जातंय,
करारावर सही त्याची आहे.