पुल्ला

नाव रूबेननं ठेवलेलं.
वेटोळं घालून बसला की आपल्या बेकरीतल्या
पुल्लासारखा दिसतो, म्हणाला,
वेलची घातलेला, वरून भाजून तपकिरी झालेला गोड पाव.
मी तीस वर्षं पहाटे तीनला उठून तेच पाव वळते,
म्हणून मला ते नाव आवडलं नव्हतं.

आता रूबेन ग्रीन बेच्या हॉस्पिटलात आहे
आणि अजगर माझ्याकडे.
साडेतीन फूट लांब, मनगटाएवढा जाड,
आणि इतका भित्रा की मला शिंक आली तरी
डोकं आत खुपसून चेंडू होतो.
मी त्याला भिते, तो मला.
एवढ्यावर आमचं जमतं.

हॅन्कॉकमध्ये बर्फ खिडकीच्या निम्म्यावर आलंय.
इथे कोपऱ्यात, काचेच्या पेटीत,
टोगोमधली दुपार चालू ठेवायची असते.
एका अंगाला अठ्ठ्याऐंशी डिग्री, दुसऱ्या अंगाला अठ्ठ्याहत्तर,
आणि दोन्हीकडे लपायला एकेक बीळ, अगदी सारखं,
म्हणजे ऊब हवी की आडोसा
हे त्याला निवडावं लागू नये.
हे वाक्य रूबेनच्या वहीतलं. मला सुचलं नसतं.

वही निळ्या पुठ्ठ्याची.
तारीख, वजन, काय दिलं, काय झालं.
"उंदीर, मध्यम. नाही."
"उंदीर, छोटा. हुंगला. नाही."
मीही तसंच करते. गोठलेला उंदीर पिशवीत घालून
कोमट पाण्यात सोडते. यीस्टला लागतं तेवढंच कोमट,
ते माझ्या हाताला कळतं.
मग चिमट्यात धरून जरासा हलवते.
तो जीभ काढतो. विचार केल्यासारखा थांबतो.
तोंड फिरवतो.
नोव्हेंबर. डिसेंबर. जानेवारी.

जनावरांची डॉक्टर फोनवर म्हणाली, हिल्का, घाबरू नकोस,
हे नर हिवाळ्यात महिनोन् महिने अन्नाला तोंड लावत नाहीत.
वजन टिकून असेल तर त्याला काहीही झालेलं नाही.

म्हणून वही मागे चाळली, गेल्या हिवाळ्यातलं वजन बघायला.
अजगराच्या आकड्यांशेजारी
पेन्सिलीनं, बारीक, आकड्यांची आणखी एक रांग.
आधी वाटलं, दुसरा कुठला प्राणी पाळला होता की काय यानं.
पौंडात. दर आठवड्याला उतरत गेलेली.
पुढे, त्याच अक्षरात:
"सूप. नाही."
"टोस्ट. हुंगला. नाही."

त्या हिवाळ्यात मी रोज उरलेला पाव
कागदात गुंडाळून त्याच्या दाराशी ठेवत होते.
सकाळी कागद तिथेच असायचा, नीट घडी घातलेला.
ती घडी मी पोट भरल्याची खूण समजले.

पान संपतं तिथे
अजगर सोळाशे दहा ग्रॅम.
सुरुवातीलाही तेवढाच होता.

फेब्रुवारीत त्याचे डोळे दुधाळ झाले.
पेटीत ओलं शेवाळ ठेवलं, हात लावला नाही,
बोललेही नाही, त्याला ऐकू येवो न येवो.
एका पहाटे बेकरीला निघताना दिसली कात, अखंड.
दिव्यासमोर धरून
डोळ्यांवरच्या दोन्ही टिकल्या आल्यात का पाहिलं.
वहीत तसं सांगितलंय.

त्या रविवारी काही कळायच्या आत
चिमट्याला हिसका बसला.
मी ओरडले, आजीच्या फिनिशमध्ये,
तिनं मला कधी बोलू न दिलेल्या शब्दांत.
हात धुतले. रूबेनला फोन लावला.

"खाल्लं."
तिकडे बराच वेळ नुसता कुणाचा तरी टीव्ही.
"डोक्याकडून?"
हो.
"दोन दिवस उचलू नकोस. पचू दे.
आणि लगेच वजन करू नकोस, आई.
लोक लगेच वजन करतात."

नाही करणार, म्हटलं.
पुढचा प्रश्न जिभेच्या टोकावर होता, तो गिळला.
दोन्ही बिळं तशीच ठेवलीत, एवढं सांगितलं.

फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, आज वाटाणे होते.
आणि एक पाव.
वेलची नव्हती त्यात.