पांढरा खडा

रात्री अकराला पेटीत दिसला,
भुशात, काळपट शीला चिकटून:
खडूसारखा, नखाएवढा.
मी टॉर्च आणला, चष्मा पुसला.
उंदराचं हाड? की हिच्याच आतलं काही
निखळून पडलं?

वेलिंग्टनला तेव्हा भर दुपार. इशबेलला म्हटलं,
तुझी मार्मलेड आजारी आहे.
दोन वर्षांसाठी म्हणून ठेवून गेलीस,
पाच झाली, आता माझ्याच घरी मरेल.
फोटो बघून ती हसली.
"बाबा, शू आहे ती."

शू. कोरडी.
चाळीस वर्षं मी डंडीच्या चढावरच्या घरांतून
पाईप बसवले. मोरीचा वेगळा, संडासाचा वेगळा,
पन्हाळीचा वेगळा, आणि तरी सगळे कधी ना कधी गळले.
हिला एकच दार. शी, शू, उद्या अंडी घातली तर तीही
तिथूनच.
आणि पाणी तेवढं आत ठेवून घेते,
सोडते फक्त खडू.
असा कारागीर माझ्या हाताखाली असता
तर दुकान त्याच्या नावावर केलं असतं.

आता जुन्या कामांच्या वहीत तिच्या नोंदी असतात.
"गुरुवार. उंदीर एक.
मंगळवार. शी घट्ट, त्यात केस. खडा पांढरा, कडेला पिवळसर. चालतं."
हिरवा दिसला, किंवा सगळंच पातळ पाणी झालं,
तर डॉक्टर ऑक्टरलोनींकडे न्यायचं.
मागच्या महिन्यात तिचे डोळे दुधाळ झाले, खाणं बंद,
एकोणीस दिवस वही कोरी.
भांड्यातलं पाणी रोज बदललं. बाकी मी काय करणार?
विसाव्या दिवशी कात भांड्याला अडकलेली
आणि तिच्याशेजारी खडा.
स्वयंपाकघरात मी एकटाच "शाबास" म्हणालो,
मोठ्याने.

फोटो पाठवला. इशबेलचं उत्तर आलं, बसमधून:
"रंग मस्त. तुझ्या लिफाफ्याचं काय झालं?"

लिफाफा फ्रिजवर आहे. सरकारी,
माझ्या वयाच्या सगळ्यांना येतो, दर दोन वर्षांनी:
एक काडी, एक नळी, तारीख लिहायला जागा.
त्यावर मी बिस्किटांचा डबा ठेवलाय.

मार्मलेड काचेशी आली. जीभ बाहेर, आत.
डबा उचलला.
चष्मा कुठे ठेवला होता मी?