चॅनल सोळा

रात्री दोननंतर समुद्र इंग्रजीत बोलतो.
जयगडच्या टॉवरवर माझी पाळी,
थर्मासमध्ये लिंबू पिळलेला कोरा चहा,
काचेपलीकडे काळोख, आणि त्यात हलणारे दिवे.

भेसल, म्हणतो एकजण,
हुगळीचा गाळ अजून जिभेवर.
येट मीटर्स, म्हणतो तुतिकोरीनचा कप्तान,
आठाच्या आधी एक छोटा उंबरा चढून.
मांडवीचा टग सांगतो, कोल मी बेक.
लुधियानाचा चीफ ऑफिसर सपीड कमी करतो,
सपीडमध्येच एक श्वास जास्त घेऊन.
सगळे एकाच पुस्तकातून पास झालेले.

मुंबईला ट्रेनिंगमध्ये सर म्हणाले होते,
होडेकर, तुमचा झीरो फार स्वच्छ. कॉन्व्हेंट?
नाही सर, मदरसा.
वर्ग हसला. मी तर खरंच सांगत होते:
साखरतरला मौलवींनी छडी आपटून घोटून घेतलेला ज़े
आता अक्षांश-रेखांश सांगतो.
'ओव्हर' मात्र लांबतो माझा,
पलीकडच्या काठावरच्या तरीवाल्याला हाक मारावी तसा.
तो सरांना शेवटपर्यंत सरळ करता आला नाही.

परवा कोळशाचं जहाज आलं.
सेकंड ऑफिसर, आवाज तरुण, थकलेला.
झीरो थ्री झीरो, म्हणाला,
आणि त्याचा झ झाडातला होता,
शेवटी नाकातून निसटलेला एक आं.
नियमात बसत नाही, तरी
बर्थ सांगून झाल्यावर माझ्या तोंडून गेलंच:
आचरा?

नुसती खरखर.
मग, स्टँडिंग बाय ऑन सिक्स्टीन.
मी रजिस्टरात वेळ लिहिली, माल लिहिला, ड्राफ्ट लिहिला.
आवाजासाठी रकाना नाही.

सकाळी पायलट परतला
तेव्हा त्याच्या खिशात सिगारेटच्या पाकिटाचा तुकडा होता,
बॉलपेनने, घाईत:

आचरा न्हय. तोंडवळी. मधी खाडी आसा.
तुमी साखरतर?
'ओव्हर'वरसून वळाखलंय.

एका खाडीने चुकले मी.
तो बरोबर निघाला, याचा थोडा रागही आला.
तुकडा रजिस्टरात ठेवून दिला आहे,
त्या तारखेच्या पानात,
कुणी तपासायला आलं तर काढून घेईन.