लघुलिपी

यंत्राला बावीस कळा, आणि मला इथे बावीसच वर्षं झाली.
न्यायाधीशांच्या पायाशी, साक्षीदाराच्या कोपराजवळ
माझी खुर्ची. वर्लीन बतीस्त, अधिकृत लघुलेखिका,
लुईझियानातल्या नदीकाठच्या एका कोर्टात,
जिथे पंखा फिरतो आणि हवा हलत नाही.

माझं काम सोपं : जे बोललं जाईल ते.
ध चा मा करायचा नाही.
खोकला लिहायचा नाही, हुंदका लिहायचा नाही,
नजर तर नाहीच नाही.

जे शब्द रोज येतात ते आम्ही आखूड करतो.
'माननीय न्यायालय' एका दाबात.
'वाजवी शंकेपलीकडे' एका दाबात.
नव्या मुलींना मी हेच शिकवते,
बोटांना विचार करू देऊ नका.

मार्चमध्ये कॉलिन एबेर उभा होता, एकोणीस वर्षांचा.
दारूच्या दुकानाची काच, गल्ल्यातले दोनशे दहा डॉलर.
सरकारी वकील प्रुडोम यांनी चष्मा काढला,
म्हणाले, 'या मुलाचं पाऊल घसरलं.'
'चालता चालता तिथं पोचला बिचारा.'
'त्याच्या आईकडे बघा.' ज्युरीनं बघितलं.

एप्रिलमध्ये लुसियस गिलरी. वय तेच.
दुकान वेगळं, पण काच ती काच.
गल्ल्यात एकशे ऐंशी.
प्रुडोमनी चष्मा काढला नाही.
'दबा धरून बसला होता.'
'कळपानं आले.' दोघं होते, तो आणि मावसभाऊ.
'जनावराला पिंजरा दाखवावाच लागतो,
नाहीतर उद्या ते तुमच्या अंगणात येईल.'
तुमच्या म्हणताना हात बारा जणांवरून फिरला,
अकरा गोऱ्या चेहऱ्यांवर जरा रेंगाळला.
आई त्यालाही होती. तिसऱ्या बाकावर,
चर्चची टोपी मांडीवर घेऊन.
बचावाचा वकील कागद चाळत होता.

आणि माझी बोटं थांबली नाहीत.
एवढंच सांगायचंय खरं तर.
'जनावर' एका दाबात उमटलं.

रात्री घरी यंत्राचा शब्दकोश उघडला.
हे रूप मी कधी केलं? तारीख होती,
सात वर्षांपूर्वीची, ऑगस्टमधली.
म्हणजे तेव्हाच तो शब्द इतका घरचा झाला होता
की मी, माझ्या आईची लेक, माझ्या भावाची बहीण,
त्याच्यासाठी पाट मांडून ठेवला होता.
चार ओळी खाली 'पाऊल घसरलं'.
तेही एका दाबात.

वरचं खोडलं. फार काही नाही,
सांडलेलं मीठ पुसावं तसं.

जूनमध्ये आणखी कुणाचा तरी मुलगा, आणि तोच शब्द.
बोटं अडखळली. मी हात वर केला.
लघुलेखिकेला तेवढा हक्क असतो :
'माफ करा, सुटलं माझ्याकडून. पुन्हा सांगाल?'

पंखा ऐकू आला.
जिभेला हाड नसतं म्हणतात,
पण त्या घशात काहीतरी अडकलं,
बारीक, माशाच्या काट्यासारखं.
प्रुडोमनी माझ्याकडे पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच.
'आरोपी,' ते म्हणाले. 'मी आरोपी म्हणालो.'

मी सगळं लिहिलं.
आधीचा शब्द, एकेक अक्षर दाबून.
माझा प्रश्न. त्यांचं उत्तर.

ज्युरी चाळीस मिनिटांत परतली,
त्यात सँडविचही खाऊन झाले होते.
दोषी.

कॉलिन आता बापाच्या कोळंबीच्या बोटीवर असतो.
लुसियसच्या पाकिटावर नावाआधी आकडा लिहावा लागतो.

जूनच्या खटल्याचं वरच्या कोर्टाचं उत्तर वर्षानं आलं :
'शब्दयोजना अनुचित. तथापि निकालावर
परिणाम झाल्याचे दिसून येत नाही.'
मी ते दोनदा वाचलं.
हे वाक्यही, मला वाटतं, तिकडे कुणाच्या तरी यंत्रात
एका दाबात येत असणार.