वरच्या मजल्यावरची बाई

माझं काम लक्षात ठेवायचं.
कप कुठल्या हातात होता, चहा किती उरला होता,
भांडण सुरू झालं तेव्हा चारुशीलाचं मंगळसूत्र
पदराच्या आत होतं की बाहेर.

गोरेगावला फ्लोअर नंबर सहावर
मुलुंड पूर्वेचा टू बीएचके उभा आहे आठ वर्षं,
तीन भिंतींचा.
चौथीच्या जागी आम्ही चाळीस जण, फरसाण खात.
फ्रिज उघडला की आत बल्ब लागतो, गार काही होत नाही.
खिडकीतला डोंगर फ्लेक्सचा;
गेल्या साली एक कोपरा उंदरांनी खाल्ला,
तेव्हापासून तिथे मनीप्लांट.

चारुशीला आणि विश्राम सुभेदार.
ती रुसते, तो चुकीची भाजी आणतो,
बावीस मिनिटांत मिटतं.
त्यांची कामं करणारे दोघं
दोन दिवाळ्या झाल्या, एकमेकांशी बोलत नाहीत.
मानधनाचं काहीतरी, नीट कोणालाच ठाऊक नाही.
तरी शॉटच्या आधी तिचा हात जातो
आणि त्याची कॉलर सरळ करून येतो,
न बघता, जसं आपण निजण्याआधी गॅसचं बटण चाचपतो.
हे मी वहीत लिहीत नाही.

वर राहतात नवीनभाई गाला.
बेल न वाजवता येतात,
विश्रामच्या ताटातला पापड उचलतात
आणि बायकोवर बोलतात.
बायको कधी आलीच नाही.
आधी बजेट नव्हतं म्हणून,
मग लोक हसायला लागले म्हणून.
"आमची हेमलता चालली की तुमच्याकडे प्लास्टर पडते."
इथे हशा.
तो नंतर भरतात, अंधेरीतल्या एका खोलीत,
मोजून चार सेकंद.

लेखक पाच झाले.
प्रत्येकाला वाटतं, ती आपल्यापासून सुरू झाली.
म्हणून वही उलटी धरून मागून मी तिचं पान काढलं.
भाग ३१: मेथी चालत नाही.
भाग ११२: डावा गुडघा.
(२६० मध्ये उजवा म्हणाले. मी दोन्ही ठेवले, वय झालं.)
भाग १७७: शिवणक्लासला नाव घातलं. पुढे उल्लेख नाही.
भाग ३०४: एक मूल राहिलं नव्हतं.
हे एका विनोदाच्या पोटातून घाईघाईत आलं,
कोणी काढलं नाही.
भाग ३८८: बहिणीकडे, भूजला, होळीपर्यंत.

माझा नवरा कांजूरला सोफ्यावर आडवा होऊन बघतो.
हसतो. मग विचारतो,
ती वरची बाई दाखवत का नाहीत गं?
आहे की, मी म्हणते,
आणि कितवी शिटी झाली ते विसरते.

काल नवा दिग्दर्शक म्हणाला, वरून नुसता आवाज येऊ दे.
"आवी, आवी!" बस, एवढंच.
आर्टिस्ट कशाला, कंटिन्युइटीच्या मॅडम बोलतील.
चाळीस माना वळल्या.

सेटवरच्या जिन्याला पाच पायऱ्या आहेत.
सहावी नाही.
मला पाचवीवर उभं केलं.
तिथून वर छत नसतंच, लोखंडी दांडे, दिवे,
आणि दिव्यांपाशी पाय सोडून बसलेला बनवारी.
खालून हाक आली,
"हेमलता! अरे सांभळे छे?"

मी वही उघडली.
म्हटलं, सर, ती घरी नाही.
भूजला आहे. होळीला अजून सहा भाग आहेत.

कोणीतरी हसलं, न मोजता.
दिग्दर्शकाने घड्याळ बघितलं,
शिफ्ट संपायला अकरा मिनिटं.
बरं, म्हणाला, मग शांतताच ठेवा.

पुन्हा हाक. वरून काही नाही.
कट झाल्यावरही नवीनभाईंचं काम करणारे बापट
तसेच उभे राहिले.
मी नोंद केली:
मान वर. डावा हात कठड्यावर.
उजव्यात पापड, न खाल्लेला.